खिशात गेज ठेवणारे साहेब

क्रांती चौकाजवळ माझं पंक्चरचं दुकान हाय. सरकारी लॅबमधी नशेच्या पुड्या तपासणारे एक साहेब दर सोमवारी स्कूटरमधी हवा भरायला येत्यात. माझ्या मशीनवर त्यांचा काडीचा भरोसा नाय. खिशातनं हवा मोजायचं स्वतःचं गेज काढून दोन्ही चाकं परत मोजत्यात. "एक पॉइंट कमी हाय, मामू," म्हणत्यात, अन् खरंच कमी असती. माझं टकुरं बी तसलंच, एक पॉइंट कमी.

परवा मी गमतीत इचारलं, "लॅबमधी बी असंच मोजता का, साहेब?"

ते हसले. "तिथं पुड्यांचा ढीग असतो. कोण उघडत बसंल? पोलिसांनी ब्राऊन शुगर लिहिलं, की आपण बी तेच लिहायचं. पंचानं बघितलेलं असतंयच की."

माझ्या हातातली नळी सुटली. आमच्या गल्लीतला रिक्षावाला एका पुडीपायी सजा भोगतोय. आईचं चूर्ण हाय म्हणून लई वरडला बिचारा. त्याच्या पंचनाम्यावर अंगठा माझा. हवालदारानं चहा पाजला अन् मी ऐटीत ठोकला. पुडी उघडून बघितलीच नाय.

"साहेब, आमच्या गल्लीतल्या रिक्षावाल्याला पुडीपायी सजा झालीया, त्याचा पंच मीच," मी म्हणलं. "मला वाटलं, लॅबवाले शिकलेले, ते बघतीलच."

साहेबांचं हसू गेलं. "कुणाला बोललास?"

"अजून नाय."

त्यांनी गेज काढून पुढचं चाक मोजलं. परत मोजलं. हवा बरोबर होती. मी शटर ओढून रिक्षावाल्याच्या वकिलाकडं निघालो, तरी ते मोजतच होते.