चांदीचा घोडेस्वार

धुळवडीची दुपार. जेवण अंगावर आलंय. सोप्यात वाकळ टाकून पडलेय, डोळा लागतोय न लागतोय. बाहेर हलगी अजून वाजतेय. सकाळी माझा हैबती बापाचा टाक हातात घेऊन वीर नाचला. त्याचे वडील मागल्या मोठ्या लढाईत बसऱ्याकडं गेले ते आलेच नाहीत. आम्ही त्यांचा चांदीचा टाक करून देवात बसवला, घोड्यावरचा शिपाई. दर धुळवडीला वाजतगाजत मिरवतो.

जेवताना पोरगा म्हणाला, "आई, मास्तरांनी चावडीवर पेपर वाचला. जर्मनीच्या हुकूमशहानं शेजारचा अख्खा देश गिळला. इटलीवाल्यानं हबशांचा मुलूख कवाच खाल्ला. आता लढाई पेटणार. उद्या भरतीला जातो मी."

मी त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

हलगी थांबते. उंबऱ्यावर हे उभे आहेत. माझे केस पिकले, यांना अजून धड मिशी नाही. पोराएवढेच दिसतात. मला मेलीला लाजच वाटते, मी पदर ओढून घेते.

"अहो, आत या की."

"जागा न्हाई," म्हणतात.

खरंच, सोपा नाहीच. नदी आहे, मातकट, संथ. काठानं खजुरीची झाडं. माणसं रांगेत उभी आहेत, उंचीनं लावलेली. कितीतरी तोंडं आपल्याच गावची.

"दरसाल मान देतो तुम्हाला," मी म्हणते. "आज पोरगं काय नाचलं म्हणून सांगू!"

"मी गोळी लागून मेलो, असं कुणी सांगितलं तुला?"

"सगळा गाव म्हणतो."

"हगवणीनं मेलो गं. पाणी पाणी करत. दुश्मनाच्या वेढ्यात दाणा संपला, खेचरं कापून खाल्ली, ती पण पोटात ठरंनात. आन् तुम्ही हलगी लावून नाचवता मला. पोराला दुसरं काय वाटणार?"

मला रडूही येतं, रागही येतो. "मग त्यालाच सांगा की! माझं कुठं ऐकतोय तो?"

"त्यो मला वळखत न्हाई. चांदीचा घोडेस्वार वळखतो."

नदीकाठी आता चावडी आहे. मास्तर पेपर वाचताहेत. ते एकेक मुलखाचं नाव घेतात, आणि रांग लांबत जाते. हैबती हसत आमच्या दारात येतो. हे त्याला चौकटीला पाठ लावून उभा करतात, नदीच्या गाळात बोट बुडवतात आणि त्याच्या डोक्याबरोबर चौकटीवर रेघ ओढतात.

"माझ्याएवढाच हाय," म्हणतात. "माझ्या शेजारची जागा मोकळी हाय बघ."

"न्हाई देणार! मी न्हाई देणार त्याला!"

मी हैबतीचा हात धरायला जाते. हात गार आहे, ओला आहे, आणि निसटतो.

जागी होते तेव्हा उन्हं कलली आहेत. हलगी चालूच. मी उठून दाराशी जाते. चौकटीवर बोटभर रुंद रेघ आहे. धुळवडीचा चिखल असेल, मी मनाला बजावते. पण आमची माती काळीभोर, हा गाळ पिवळट. अजून ओला.

हैबती अंगणातून येतो, रंगानं माखलेला.

"हैबती, बस इथं. तुझे वडील कसे गेले ते सांगते तुला. गोळीनं नव्हं रं बाबा..."

त्याचं लक्षच नाही. त्यानं चौकटीला पाठ लावलीय, ताठ, छाती पुढं काढून.

"आई, ही रेघ कुणी मारली गं?" तो डोक्यावर आडवा हात धरतो. "बघ तरी, केसाचाबी फरक न्हाई!"