खांदी त्यांची, पाप आमचं

"मोठ्यानं म्हण. शेजाऱ्यांना ऐकू गेलं पाहिजे."

वकील वट्यावर उभा. माझा थोरला भाऊ खाली, पिंपळाच्या बुंध्याशी, वंजळ पसरून. वकिलानं वरनं सुपारी टाकली. हात लागू न्हाई म्हनून वरनं. ती वंजळीत पडलीच न्हाई, मातीत पडली. दादा वाकला तर वकील म्हनला, "आधी म्हण, मग उचल."

दादा म्हनला, "खांदी मी तोडतो. पाप माझं. मालकाचं न्हाई."

"आणखी दोनदा."

मी बाजूला दोर धरून उभा. मला हसू आलं. खरंच आलं, काय करू! एवढा शिकलेला मानूस, कोर्टात जातो, आन् झाडाला भितो. वकिलानं बघितलं.

"दात काढू नकोस रे. तू पण म्हण. दोघं तोडणार ना? मग दोघांचं पाप."

मी बी म्हनलं. तीन येळा. समोरच्या माडीवरनं बाया बघत हुत्या.

आता ह्ये सांगतो, न्हाईतर कळायचं न्हाई. आमचा धंदा झाडं छाटायचा. घरावर आलेली खांदी उतरवायची, वाळलेलं झाड पाडायचं. आमी म्हारवाड्यातले, बापापास्नं ह्येच काम. बाभळ, लिंब, चिच काय बी तोडा, कुनी काय बोलत न्हाई. पन पिंपळ तोडला तर म्हनं वंश बुडतो. मंग पिंपळ तोडायचा तर मालक पाप आमच्या तोंडानं आमच्या अंगावर घालतो. म्हनून त्ये म्हनायचं.

बापाच्या येळंला त्याचं येगळं द्यायचे. मजुरी येगळी, वर पापाचं धोतर, कंदी आईला लुगडं. मी ल्हान असताना नुसता नारळ यायला लागला. आन् लढाई सपली तशी भिंगारच्या पलटनीच्या क्यांपातली हजार कामं गेली. वर पाऊस न्हाई, पारनेरकडची मानसं नगरात आली. ज्याच्या हातात कोयता त्यो झाडावाला! सकाळी माळीवाड्याच्या वेशीपाशी तीस-चाळीस जन उभे. मालक म्हनायचा बारा आनं, कुनीतरी मागनं वरडायचं, "मी दहात करतो!" ज्याला झाडावर चढता येत न्हाई त्यो बी वरडायचा. दर गेला. नारळ बी गेला. पाप तेवढं ऱ्हायलं, फुकटात.

दादाला त्या दिवशी बारा आनं ठरले हुते, दोघांत मिळून.

खांदीवर पाय द्यायच्या आधी कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोकून बघायचं असतं. भरीव वाजली तर चढायचं. ढबढब वाजली तर आत पोकळ, दुसरीकडनं दोर बांधायचा. बापानं शिकवलेलं. दादा वर गेला आन् ठोकाया लागला. एकदा. दोनदा.

खालनं वकील म्हनला, "काय दरवाजा वाजवतोयस? मला कोर्टाची वेळ झाली. जमत नसेल तर उतर, वेशीत माणसं पुष्कळ आहेत."

दादानं माझ्याकडं बघितलं. ठोकायचं सोडलं. पाय दिला.

आवाज लई मोठा न्हाई झाला. आधी खांदी, मंग दादा. पाठीवर पडला, वकिलाच्या तुळशीपाशी. डोळे उघडे. म्हनला, "पाय कुठंय माझा?" पाय हुता की! दोनी हुते. मी हात लावला तर त्याला कळंना.

मी वकिलाकडं पळालो. "साहेब, टांगा सांगा, दवाखान्यात न्यायचाय."

वकील मागं सरला. "अंगाला हात लावू नकोस. मी काय करू? त्यानंच म्हटलं ना, पाप माझं. सगळ्यांनी ऐकलंय."

मंग आत गेला. भाईर येऊन सा आनं टाकले पायरीवर. "अर्धीच खांदी तुटली, म्हणून अर्धी मजुरी."

मी उचलले. सांगतो ना, लाज वाटती तरी सांगतो. भाऊ मातीत पडलेला आन् मी पायरीवरनं सा आनं येचून घेतले.

टांगा मिळंना, म्हनून घोंगडीत घालून वाड्यातल्या चौघांनी घरी आनला. कमरंखाली त्यो मेलाच. वैनी सारखी रडायची, "आपुन कुनाचं काय वाकडं केलं हुतं वो?" आन् दादा काय म्हनावा? म्हनला, "मीच बोललो. तीन येळा बोललो. माझ्यावरच आलं."

तवा माझं डोस्कं सनकलं. मी दुपारभर दारात बसलो. वकिलाचा वंश बुडंल म्हनून दादा बोलला ना? वकिलाचं कायबी बुडालं न्हाई. कौलं शाबूत. टांगा शाबूत. पिंपळाचा देव कुठं आला ह्याच्यात! मानूस पडला तर त्याच्या औषिदाचं, त्याच्या लेकरांचं कुनी बघायचं, ह्ये मालक आधीच आमच्या तोंडनं ठरवून घेतो. आन् आमी वंजळ पसरून घेतो.

पंदरा दिसांनी वकील सोता वेशीत आला. उरलेली खांदी लोंबत हुती. "सहा आणे," म्हनला. घरात दोन दिस चूल न्हाई. मी हात वर केला. माझाच हात सगळ्यांच्या आधी वर.

बुंध्याशी गेलो. त्यानं सुपारी काढली. "म्हण."

मी वंजळ पसरलीच न्हाई.

"का रे, जीभ झडली?"

"न्हाई म्हननार."

"काय?"

"खांदी तोडतो. सा आन्यातच तोडतो. पन झाड तुमचं, कौलं तुमची, पाप बी तुमचं. आन् मी पडलो तर काय देनार त्ये आधी बोला."

वकील हसला. रागावला असता तर बरं वाटलं असतं. "अरे, भाव विचारतोय बघा पडायचा! जा. वेशीत जा आणि दुसरा पाठव."

मी पाठवला न्हाई. त्याचा गडी जाऊन भिवाला घेऊन आला. भिवा आमच्याच वाड्यातला. माझ्याकडं न बघता तीन येळा म्हनला. चार आन्यात. चढला, तोडली, नीट उतरला. कायबी झालं न्हाई त्याला.

घरी वैनीनं शिव्या घातल्या. "बोलला असतास तर काय झडलं असतं? पोरं भुकंली हायती!" तिचं बी खरं.

दुसऱ्या दिशी वेशीत सगळ्यांना सांगितलं. दादाचं सांगितलं, वकिलाचं सांगितलं. म्हनलं, कुनीच म्हनू नका. चाळीस जन गप ऱ्हायले तर खांदी काय वकील तोडनार हाय? कुनी हसलं. कुनी म्हनलं, "तुझ्या भावाचं पाप आमच्या भाकरीवर कशाला?" एकानं ढकललं, मी धुळीत बसलो.

आज चौथा दिस. काम न्हाई. उद्या बी जानार. मालक आला की सगळ्यांच्या आधी मी पुढं हुनार आन् इचारनार, मानूस पडला तर काय देनार? त्यो मला काम देनार न्हाई, म्हाईत हाय. मंग दुसऱ्या मालकाला इचारनार. मंग तिसऱ्याला. मारतील तर मारू द्या. ह्यो सवाल त्या वेशीत रोज हुनार, आन् त्याचं उत्तर मिळाल्याबिगर मी नगरातल्या एका झाडाला पाय लावनार न्हाई.