हेल्वी राउतिओची काचकांडी

सरोवराकाठच्या पाइक हार्बरमध्ये हेल्वी राउतिओशी कुणी हात मिळवत नसे. तिलाही कुणाशी मिळवायचा नसे, त्यामुळे तक्रार कुणाचीच नव्हती. तिच्या उजव्या हाताची बोटं पेरांपर्यंत तांबडी होती, नखांच्या कडेला तर काळपट लाल. तो क्षयाचे जंतू रंगवायच्या फुक्सीनचा रंग. साबणाने, व्हिनेगरने, वाळूने घासूनही जात नसे. रविवारी चर्चमध्ये तिने भजनांचं पुस्तक हातात धरलं की शेजारची बाई वीतभर सरकून बसे, जणू क्षयरोग बोटांवरून उडी मारणार. हेल्वी मग मुद्दाम त्याच बाजूला तोंड करून खोकायची.

हॉस्पिटलच्या तळघरात, धुलाईखान्याला लागून, तिची प्रयोगशाळा होती. गोदीतले मजूर, जंगलतोडीच्या तळांवरचे लाकूडतोडे, त्यांच्या बायका, सगळ्यांचे बेडके झाकणाच्या कागदी पेल्यांतून तिच्या टेबलावर यायचे. त्यातला पिवळसर चिवट कण ती निवडायची. लाळ नको, लाळेत काही सापडत नाही. तो कण काचेवर पातळ पसरायचा, वाळू द्यायचा, ज्योतीवरून झर्रकन फिरवून चिकटवायचा. मग कार्बोलिक मिसळलेला तांबडा फुक्सीन काचभर ओतायचा आणि वाफ निघेपर्यंत खालून ज्योत फिरवत राहायची. उकळी फुटली की काम बिघडलं. क्षयाच्या जंतूच्या अंगावर मेणचट कवच असतं. उष्णतेशिवाय रंग आत शिरत नाही, आणि एकदा शिरला की आम्ल घातलेल्या अल्कोहोलनेही निघत नाही. बाकी सगळं त्या अल्कोहोलखाली फिकं पडतं, आणि शेवटी दिलेला निळा रंग घेतं. निळ्या पसाऱ्यात बारीक तांबडी काडी दिसली, की तो माणूस सॅनेटोरियमच्या गाडीत बसलाच म्हणून समजायचं.

"एकदा धरलं की सोडत नाही, असा हा प्राणी," हेल्वी म्हणायची.

"तुझ्या नात्यातलाच असेल," शेजारच्या टेबलावरून ओडेट ग्रॅव्हेल म्हणायची.

ओडेट क्वेबेकची. नवरा धान्याच्या कोठारात पडून मेला, तेव्हापासून ती रक्त-लघवीच्या तपासण्या करत होती. तिला हेल्वी आवडत नसे आणि ती ते लपवतही नसे. कारण एकच, हेल्वीचे नियम. सगळ्यात मोठा नियम तेलाच्या कांडीचा. सूक्ष्मदर्शकाच्या सगळ्यात जोरदार भिंगाखाली बघायचं, तर स्लाइडवर देवदाराच्या तेलाचा थेंब लागतो. तो काचेच्या कांडीने टाकतात. हेल्वीचं म्हणणं, थेंब वरून पडला पाहिजे, कांडी स्लाइडला टेकता कामा नये; टेकली, की एकाचे जंतू तेलातून दुसऱ्याच्या स्लाइडवर. आणि प्रत्येक स्लाइडनंतर भिंग कागदाने पुसायचं. एकदा ओडेटची कांडी टेकली, तर हेल्वीने अख्खी बाटली तिच्यासमोर मोरीत ओतली होती. धुलाईखान्यातल्या बाया दाराशी येऊन बघत होत्या.

"आईने कांडी धरायला शिकवलं नाही का?" हेल्वी म्हणाली होती. ओडेटची आई नुकतीच वारली होती.

आता साइमी कौप्पीबद्दल.

पाइक हार्बरच्या फिनिश लोकांत दोन तट. बे स्ट्रीटच्या ह्या टोकाला चर्च, त्या टोकाला कामगारांचा हॉल. चर्चवाले हॉलवाल्यांच्या दुकानातून मीठसुद्धा घेत नसत. हॉलवाल्यांचा मोठा आधार म्हणजे साइमीचं बोर्डिंग-हाउस. जंगलातून उतरलेले लाकूडतोडे तिथे राहत, तिच्या हातची राईची भाकरी आणि वाटाण्याचं सूप खात, शनिवारी मागच्या अंगणातल्या सौनात वाफ घेत. बायकांची वेळ दुपारची असे, आणि तेवढ्यापुरता तट विसरून चर्चच्या बायकाही येत.

हेल्वी शाळेत होती तेव्हा गोदीत संप झाला. तिचा बाप चर्चवाला, घरी खाणारी तोंडं सहा, तो मध्येच कामावर परत गेला. त्या शनिवारी हेल्वी आईबरोबर सौनात गेली. दार उघडलं तशा फळ्यांवर बसलेल्या बायका एकेक करून खाली उतरल्या. सगळ्यांत शेवटी साइमी. तेव्हा ती ऐन तिशीत होती, खांदे लाकूडतोड्यासारखे. तिने कोपऱ्यातली थंड पाण्याची बादली उचलली आणि भट्टीवरच्या तापलेल्या दगडांवर पूर्ण ओतली. दगड फुत्कारले, वाफेचा लोट उठला, आणि थोड्या वेळात खोली गार पडली.

"संपफोड्याच्या बायकोला एवढीच ऊब," साइमी म्हणाली.

आई तशीच, ओल्या केसांनी, लेकीचं मनगट धरून घरी आली. पुढे मरेपर्यंत ती पितळी परातीत अंग धूत राहिली. हेल्वीही त्यानंतर कुठल्या सौनात गेली नाही. फिनिश माणसाने सौनात जायचं नाही म्हणजे काय, हे पाइक हार्बरमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नसे.

ज्या वसंतात सरोवरावरचा बर्फ उशिरा फुटला, त्या वसंतात साइमीच्या बोर्डिंगमधला आर्वो निस्कानेन रक्त ओकला. त्याच्या स्लाइडवर तांबड्या काड्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे होते. डॉक्टर प्रिडल यांनी बोर्डिंगमधल्या सगळ्यांचे एक्स-रे काढले. साइमीच्या उजव्या फुप्फुसावर डाग दिसला. जुना व्रण असेल किंवा नवा रोग असेल, बेडका तपासल्याशिवाय सांगता येत नव्हतं. आणि स्वयंपाकीणच क्षयी निघाली, तर बोर्डिंगला कुलूप.

साइमी स्वतः तळघरात पेला घेऊन आली. आता साठीला टेकलेली, पण खांदे तेच.

"थुंकायला पाठवलंय मला. तुझ्या दारात," ती म्हणाली. "एरवी फुकट थुंकले असते."

"पेल्यात थुंक. आणि खोलवरून काढ, नुसती लाळ नको. तुझ्या तोंडात तीच जास्त."

"तुझी बोटं बघ गं. बापाच्या पापाची खूण अंगावर घेऊन हिंडतेस."

"तो तांबडा रंग आहे, साइमी. तांबडा तर तुमच्या हॉलचा."

ओडेट लघवीची नळी हातात तशीच धरून ऐकत होती. साइमीने भरलेला पेला टेबलावर आपटला आणि गेली.

त्या सकाळी हेल्वीने आर्वोची दुसरी स्लाइड आणि साइमीची स्लाइड एकाच दांडीवर शेजारी ठेवून रंगवल्या. रंगवताना कुठे चूक केली नाही. वाफ हवी तेवढीच निघाली, अल्कोहोल हवं तेवढंच चाललं. आर्वोची स्लाइड आधी भिंगाखाली गेली. काड्याच काड्या, बघण्यासारखं काही नव्हतं. हेल्वीने ती ओढून काढली. भिंग पुसलं नाही. कांडी तिने आर्वोच्या स्लाइडवर टेकवली होती का, हे तिला नंतर कितीही आठवून पाहिलं तरी आठवेना. तिला आठवत होती ती फक्त घाई. साइमीच्या आत काय आहे ते बघायची घाई.

कोपऱ्यात तीन तांबड्या काड्या दिसल्या. हेल्वी खुर्चीत मागे टेकली.

"पॉझिटिव्ह," ती मोठ्याने म्हणाली, आणि रिपोर्ट वर पाठवला.

दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याच्या माणसाने बोर्डिंगच्या दारावर नोटीस ठोकली. लाकूडतोडे आपापल्या गाद्या आणि पेट्या घेऊन रस्त्यावर आले. गुरुवारच्या गाडीने साइमीला सॅनेटोरियमला न्यायचं ठरलं. वर्ष, दीड वर्ष, कुणी सांगावं. त्या वयात गेलेल्यांतले बरेचसे परत यायचे ते खोक्यात. हेल्वी मुद्दाम त्या बाजूने घरी गेली. साइमी पायरीवर उभी राहून सुपाचं पातेलं गटारात ओतत होती. दोघींची नजरानजर झाली. हेल्वीने मान डोलावली, दुकानात ओळखीच्या माणसाला डोलावतात तशी.

बुधवारी सकाळी ती कामावर आली, तर सूक्ष्मदर्शकावर स्लाइड लावून ठेवलेली.

"जरा बघून सांग," ओडेट म्हणाली. "मला खात्री नाही."

"तुला कधी होती?" हेल्वी बसली. बराच वेळ स्लाइड सरकवत राहिली. "एक काडी आहे. ही दुसरी. पॉझिटिव्ह. पण निळं कुठे आहे? निळा रंग द्यायचा राहिला तुझा. इतकी वर्षं रंगाच्या वासात बसतेस आणि एवढं कळत नाही. कोण आहे हा?"

"कुणी नाही."

"कुणी नाही म्हणजे?"

"कोरी काच. पाकिटातून काढली, तुझ्या बाटलीतलं तेल टाकलं. त्या दिवशी तू भिंग न पुसता साइमीची स्लाइड लावलीस, ते मी बघितलं." ओडेटने हात पुसले. "काचेला क्षय झालाय, हेल्वी. पाठव सॅनेटोरियमला."

धुलाईखान्यातलं यंत्र धडधडत होतं. हेल्वीने पेटीतून साइमीची स्लाइड काढली. त्या तीन काड्या अजून तिथेच होत्या. पण आता तिने सावकाश भिंग वर-खाली केलं. काड्या स्पष्ट दिसत, तेव्हा खालचा निळा थर धूसर होई. निळा थर स्पष्ट झाला, की काड्या विरून जात. साइमीच्या बेडक्यात त्या नव्हत्याच. वर, तेलात तरंगत होत्या. आर्वोच्या होत्या. तिने झायलीनने तेल धुऊन काढलं, नवी बाटली फोडली, नवी कांडी घेतली, आणि स्लाइडची एक कड धरून दुसऱ्या कडेपर्यंत, ओळीमागून ओळ, सगळी तपासली. निळं, निळं, निळं.

"डॉक्टरांना सांगणार आहेस?" तिने वर न बघता विचारलं.

"मी? नाही," ओडेट म्हणाली. "मला तू काय करतेस ते बघायचंय. त्या बाटलीच्या दिवसापासून वाट बघतेय."

गप्प बसणं सोपं होतं. स्लाइड आता धुतलेली, उद्या गाडी, आणि साइमीच्या फुप्फुसावर डाग तर होताच. हेल्वीने विचार केला, तो दयेचा नव्हता. साइमी गाडीत बसलेली तिला हवीच होती. पण साइमीने बादली ओतली ती सगळ्यांदेखत, स्वतःच्या हाताने. आणि आपण काय करणार, तर एका घाणेरड्या कांडीच्या आड लपणार. ते तिला आर्वोच्या जंतूंहून किळसवाणं वाटलं.

डॉक्टर प्रिडल वर जेवायला बसले होते.

"तो रिपोर्ट रद्द करा," हेल्वी म्हणाली.

"कारण?"

"माझी कांडी घाण होती. भिंग पुसलं नव्हतं."

डॉक्टरांनी काटा खाली ठेवला. "तुम्ही? लोकांच्या बाटल्या मोरीत ओतणाऱ्या तुम्ही?"

"नवा नमुना आणते."

"आणा. आणि यापुढे तुमची प्रत्येक पॉझिटिव्ह स्लाइड आधी मिसेस ग्रॅव्हेल बघतील, मग माझ्याकडे येईल. प्रत्येक."

ती पेला घेऊन बोर्डिंगवर गेली. साइमी रिकाम्या जेवणघरात, बांधलेल्या पेटीवर बसली होती.

"मजा बघायला आलीस?"

"थुंक," हेल्वीने पेला पुढे केला.

"एकदा थुंकले ना. त्याचं कुलूप लागलं."

"त्या काड्या आर्वोच्या होत्या. माझ्या तेलातून तुझ्या स्लाइडवर गेल्या."

साइमी पेटीवरून उठली. "मुद्दाम?"

"घाईने. तुझं बघायची घाई होती."

"म्हणजे मुद्दामच."

हेल्वीने पेला आणखी पुढे केला. साइमीने पेला घेतला, खोलवरून खाकरून काढलं, आणि थुंकताना तिची नजर हेल्वीवर होती.

"निगेटिव्ह निघालं तर शनिवारी सौना तापवणार आहे मी," ती म्हणाली. "बायकांची वेळ दुपारचीच असते. विसरली असशील. तुझ्या नावाची बादली आहे अजून."

गुरुवारची गाडी साइमीशिवाय गेली. सलग तीन दिवसांचे नमुने हेल्वीने रंगवले, आणि प्रत्येक स्लाइड तिच्यामागून ओडेटने तपासली, भिंग मोठ्या थाटात पुसून. तिन्ही निळ्या. नोटीस उतरली. तोवर सगळ्या बे स्ट्रीटवर बातमी होती. हॉलवाले म्हणत, संपफोड्याच्या पोरीने सूड घेतला. चर्चवाले म्हणत, घेतला तर घेतला, मग कबूल कशाला करायचं. ओडेट काही म्हणत नव्हती. ती नुसती रोज सकाळी तेलाची बाटली उजेडाकडे धरून बघायची.

शनिवारी दुपारी हेल्वी टॉवेल घेऊन साइमीच्या अंगणात गेली. दार उघडलं तशा फळ्यांवरच्या बायका गप्प झाल्या. एक उतरायला लागली.

"बस तिथेच," साइमी म्हणाली.

हेल्वी सरळ सगळ्यात वरच्या फळीवर, साइमीच्या शेजारी जाऊन बसली. तांबडी बोटं तिने गुडघ्यावर उघडी ठेवली. साइमीने बादली जवळ ओढली. हेल्वीने अंग आवळलं. पण साइमीने पळी उचलली, आणि दगडांवर एक पळी टाकली, लगेच दुसरी, लगेच तिसरी. वाफ छतावर आदळून खाली आली, कान भाजले, नाकातून श्वास घेववेना. खालच्या बायका शिव्या देत एकेक करून बाहेर पळाल्या.

"उतरायचं असेल तर उतर," साइमी म्हणाली. तिचा चेहरा उकडलेल्या बिटासारखा झाला होता. "तुझ्या आईला सवय होती उतरायची."

"पळी दे इकडे," हेल्वी म्हणाली, आणि चौथी तिने टाकली.