वॉब्बेची करंगळी

ताटलीभर पाणी आणि त्याच्या वरच्या थरात अडकलेले, धुळीहून बारीक काळे मणी. एका बाजूने प्रकाश टाकला की मण्यालगतचं पाणी तापायचं, वरच्या वर वाहू लागायचं आणि मणी पळायचा. पण पाण्यावर तेलकटपणाचा लवलेश आला की सगळं ठप्प. म्हणून त्या डच प्रयोगशाळेत ताटल्या धुणाऱ्या वॉब्बेचा दरारा होता. सिंकजवळ कुणाची हाताची क्रीम दिसली की थेट कचऱ्यात. "ब्यूटी पार्लर समोरच्या गल्लीत आहे," तो सुनवायचा. हातमोजे त्याला नवशिक्यांचे लाड वाटायचे.

एकतीस वर्षं धुऊन धुऊन जानेवारीत त्याच्याच हातांना भेगा पडल्या. बायकोने सँडविचसोबत क्रीमची डबी दिली. क्रीम त्याने संडासात कडी लावून हातांना चोळली आणि पीएचडी करणाऱ्या मारितच्या ताटल्या नेहमीसारख्या विसळल्या. मणी थांबले.

हे आपल्याच क्रीममुळे, हे आठवड्यात त्याला कळून चुकलं. पण आता क्रीम सोडली तर मणी अचानक पळतील, इतके दिवस का अडले होते याचा शोध सुरू होईल आणि बिंग फुटेल, या धास्तीने तो लावतच राहिला. स्वतःचीच किळस यायची, तरी लावायचा.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी, कॉफीच्या टेबलावर, प्राध्यापक मारितला म्हणाले, "तुझ्या हाताला शिस्त नाही. सोमवारपासून हा प्रयोग तुझ्याऐवजी रुबेन करेल."

वॉब्बे साखर न घातलेली कॉफी ढवळत बसला.

दुपारी मारित त्याच्याकडे आली. "वॉब्बे, मला धुवायला पहिल्यापासून शिकव ना. प्रयोग हातचा जाण्याआधी एकदा तरी जमू दे."

तो लांबूनच सांगत राहिला, ती धूत राहिली. तिचे हात सोलवटून लाल झाले होते. "क्रीम बंद केलीय मी," ती म्हणाली, "घरीसुद्धा."

प्रकाश पडला आणि पडद्यावर मणी सुसाट पळाले. मारित तोंडावर हात ठेवून बघत राहिली.

आता गप्प बसलं असतं तर कायमचं निभावलं असतं. वॉब्बे पुढे झाला. त्याने क्रीम लावलेली करंगळी पाण्याला टेकवली. सगळे मणी जागच्या जागी उभे राहिले.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"जानेवारी."

ती ओरडली नाही. पडद्याकडेच बघत म्हणाली, "मी आईला सांगितलंय, की माझ्या हातातच काही नाही."

वॉब्बेने खिशातली डबी काढून टेबलावर ठेवली आणि तो प्राध्यापकांच्या खोलीकडे निघाला.