दुपट्ट्याखालचा भाव

जगात गुपित पोटात ठेवू शकणारा शेवटचा माणूस म्हणजे आमचे दिग्रसचे मावसाजी, असं माझं ठाम मत आहे. ते बैलबाजारातले दलाल. विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा हात आपल्या दुपट्ट्याखाली घ्यायचा, बोटं दाबून भाव सांगायचा, तसाच ऐकायचा आणि सौदा जुळला की दुपट्टा झटकून खांद्यावर टाकायचा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी जोडी कितीला गेली हे तिघांनाच ठाऊक. आयुष्यभर हेच केल्यामुळे चारचौघांत काहीही उघड बोलायची मावसाजींना लाज वाटायची. घरी वांग्याची भाजी केली आहे हेसुद्धा ते दार ओढून घेऊन सांगत. मावशी म्हणायची, "आमच्या लग्नाच्या वक्ताले यायनं माह्या बापाचा हात दुपट्ट्याखाली घेतला होता. काय ठरलं, मले आजलोक माहीत नाही." माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा अंगणात पाहुणे बसले होते. मावसाजींनी मला जवळ ओढलं, हातावर दुपट्टा टाकला आणि कानात म्हणाले, "सांग." ती बोटांची भाषा मला कुठे येत होती! घाबरून मी हाताला लागतील तितकी बोटं दाबली. मी जिल्ह्यात पहिला आलो अशी त्यांची तेव्हापासून समजूत आहे, आणि माझं नशीब असं की ही बातमी त्यांनी कुणालाच सांगितली नाही.

पुढे कापसाची ती वाईट वर्षं आली. एका साली बोंडअळीनं खाल्लं, दुसऱ्या साली पावसानं दगा दिला, आणि गोठ्यांतल्या जोड्या भराभर विकायला निघाल्या. त्याच सुमारास गावोगावी मोबाईलवर नेट पोचलं. दिग्रसच्या चार तरुणांनी बैलांच्या खरेदी-विक्रीचा ग्रुप काढला. जोडीचा फोटो, दातांचा फोटो, खाली भाव. मारेगावचा माणूस घरच्या बाजेवर बसून दिग्रसची जोडी पसंत करू लागला. खोटं कशाला बोलू, यात लोकांची सोय होती. पण बाजाराच्या दिवशी मावसाजी बाजारातल्या कडुलिंबाखाली एकटे बसू लागले. शेवटी मावशीनंच त्यांच्या हातात मोबाईल दिला.

ग्रुपवर बोलून निरोप पाठवता येतो हे मी त्यांना शिकवलं. सवयीप्रमाणे ते इतकं हळू बोलले की सगळ्यांना नुसता श्वास ऐकू गेला, आणि कुणीतरी खाली लिहिलं, "मावसाजी, दम्याचं औषध घेत जा." मग एकदा नेरच्या एका गिऱ्हाईकानं व्हिडिओ कॉल करून एका जोडीचा भाव विचारला. मावसाजींनी आजूबाजूला पाहिलं, मोबाईलवर दुपट्टा टाकला, आत हात घातला आणि शांतपणे काचेवर बोटं दाबली. फोन कटला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा गिऱ्हाईक ओरडलं, "मावसाजी, अंधार झाला! काहीच दिसून नाही राह्यलं!"

"दिसाले नाही पाह्यजे, म्हणून तं टाकला ना बाप्पा!" मावसाजी म्हणाले. मी हसून हसून बेजार झालो, आणि ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्याच हिवाळ्यात बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या एका म्हाताऱ्या काकांची जोडी ग्रुपवर आली. त्यांच्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर मुलुखभर धान्य-मीठ वाहिलेलं. काकांचे गुडघे गेले होते, चाऱ्याचा भारा उचलवत नव्हता. मुलगा पुण्याला. त्यानंच तिथून फोटो टाकला. कुणी विचारेना, तसा त्यानं भाव उतरवला, आणखी उतरवला. खाली हसणारे चेहरे जमू लागले. एकानं लिहिलं, "अजून थांबा, फुकट भेटते." काकांकडे मोबाईल नव्हता, पण चहाच्या टपरीवर कुणीतरी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. एकही बाजार न चुकवणारे काका त्यानंतर घराबाहेरच पडेनात.

मावसाजींनी मला मोटारसायकल काढायला लावली. आम्ही पोचलो तेव्हा काका गोठ्यात बैलाच्या मानेवरून हात फिरवत उभे होते.

"नाही विकत," ते म्हणाले. "लोकं माह्या बैलायले हासून राह्यले."

"पोट्ट्याले ग्रुपवरून फोटो काढून टाकाले सांग," मावसाजी म्हणाले. "बाकीचं मी पाह्यतो. आन् बाजारात ये. तू कायले तोंड लपवतं?"

मग ज्या मोबाईलला ते येताजाता शिव्या घालत, त्याच मोबाईलवर त्यांनी आठवडाभर माणसं शोधली. नेरचं ते व्हिडिओवालं गिऱ्हाईक, म्हणजे नुकतंच लग्न झालेला एक तरुण शेतकरी, बाजाराच्या दिवशी सकाळच्या बसनं आला. काकाही आले. लिंबाखाली ही गर्दी! ज्यांनी चेष्टा केली होती तेही मोबाईल वर धरून उभे. दोघांचे हात दुपट्ट्याखाली गेले. ते चित्रण संध्याकाळपर्यंत तालुकाभर फिरलं. त्यात एक दुपट्टा हलताना दिसतो, एवढंच. काकांनी उठून सगळ्यांना चहा सांगितला. भाव विचारला की ताठ मानेनं म्हणायचे, "मावसाजीले इचारा." मावसाजींना विचारून काय मिळणार! लोकांनी मग आपापल्या मनानं भलताच मोठा भाव ठरवून टाकला, आणि "फुकट भेटते" लिहिणाऱ्यानं त्याच रात्री आपल्या जोडीचा भाव वाढवला.

पुढे माझी बदली नेरला झाली. तिथे तो तरुण भेटला आणि चहा पिता पिता त्यानं मला खरा आकडा सांगितला. ग्रुपवर काकांच्या मुलानं शेवटी जो भाव लावला होता, त्याच्याही खालचा. तरुणाजवळ तेवढंच होतं. जोडी फोडणार नाही, दोन्ही बैल एकाच गोठ्यात राहतील, असा शब्द त्यानं दिला, आणि काकांनी स्वतःच बोटं दाबून तो भाव पक्का केला. ज्या भावावर चारचौघांत हसू झालं होतं, त्याहूनही कमी भावात तो माणूस त्या दिवशी मान वर करून घरी गेला.

मला कळलेला हा एकच आकडा आहे आणि तो पोटात ठेवता ठेवता माझा जीव मेटाकुटीला येतो. मावसाजी दर बाजाराला असे किती आकडे घेऊन घरी येत असतील! मावशी वाढायची, ते खाली मान घालून जेवायचे, आणि आम्हा पोरांना वाटायचं, हा माणूस किती घुमा आहे.