सही करायला अर्धा दिवस

गेल्या महिन्यात माझा भाचा सुदर्शन मला येरवड्याला त्याच्या आयटी कंपनीत घेऊन गेला. तिथल्या पोरांची आपापसात फार भांडणं होतात म्हणे. कोणी हुशार, कोणी संथ, कोणी तापट, कोणी घुमा. तेव्हा वेगवेगळ्या कुवतीची आणि स्वभावाची माणसं एकत्र कशी काम करतात, यावर मी वीस मिनिटं बोलावं, असं त्याचं म्हणणं. मी माझी आणि माझा जुना सहकारी उत्तरेश्वर सोनटक्के याची गोष्ट सांगितली. निम्मी सांगितली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, एका मुलीने डोळे पुसले, मला पुष्पगुच्छ मिळाला. उरलेली निम्मी सांगायची मला लाज वाटली. ती इथे सांगतो.

मी श्यामसुंदर, राहणार नारायण पेठ. हडपसरच्या एका गिअरबॉक्सच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो, म्हणजे यंत्राच्या भागांची ड्रॉइंग काढत होतो. माझ्यासारखा हात कारखान्यात दुसऱ्या कोणाचा नव्हता. हे मी आज गर्वाने सांगत नाही. तेव्हा गर्वानेच सांगायचो, आणि कोणी विचारलेलं नसताना सांगायचो.

सोनटक्के आमच्याकडे १९७९ साली आला. कळंबजवळच्या खेड्यातला, लातूरच्या आयटीआयमधून शिकलेला. कर्वेनगरात तेव्हा शेतं होती, त्यांच्या कडेला पत्र्याच्या खोलीत तो आणि बायको मुक्ताई राहायचे. त्याचा हात बेताचा होता, म्हणून साहेबांनी त्याला ड्रॉइंग काढायला न देता तपासायला बसवलं. मी काढायचं, त्याने तपासायचं. पद्धत अशी होती: मी ट्रेसिंग पेपरवर शाईने ड्रॉइंग काढलं की त्याची एक प्रिंट निघायची. सोनटक्के त्या प्रिंटवर लाल पेन्सिलीने चुकांभोवती गोल करायचा. मी त्याप्रमाणे दुरुस्त ट्रेसिंग तयार करायचो आणि ते त्याच्याकडे सहीला जायचं. खाली उजव्या कोपऱ्यात दोन चौकटी असायच्या, एक काढणाऱ्याच्या सहीची, एक तपासणाऱ्याच्या. दोन्ही सह्या झाल्याशिवाय ड्रॉइंग खाली मशीन शॉपमध्ये जात नसे.

माणूस इतका संथ की बघणाऱ्याला झोप यावी. डब्यातली भाकरी तो चाळीस मिनिटं चावायचा. सही करायला त्याला अर्धा दिवस लागायचा. "अहो सोनटक्के, सही करताय का जमीन नावावर करून घेताय?" असं मी सगळ्यांदेखत म्हणायचो. सगळे हसायचे. तोही हसायचा आणि ट्रेसिंगवर पुन्हा मान घालायचा.

ऐंशी साली त्याने एकदा माझी चूक काढली. एका झाकणाच्या भोकांमधली अंतरं जुळत नव्हती. खरीच चूक होती, पण त्याने ती साहेबांसमोर दाखवली. साहेब जाताच मी त्याच्या हातातली लाल पेन्सिल घेतली, मोडली आणि म्हणालो, "ज्याला सरळ रेघ मारता येत नाही, त्याने माझ्या रेघा मोजायच्या नाहीत." पुढे अकरा दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. अकरा दिवस तो रोज सकाळी माझ्या टेबलापाशी येऊन "नमस्कार, श्यामराव" म्हणायचा.

बाराव्या दिवशी मला एक खेळ सुचला. मी प्रत्येक ड्रॉइंगमध्ये मुद्दाम एक चूक ठेवायला लागलो. एखादा बाण उलटा, एखादं माप गाळलेलं. त्याला सापडते का बघू, नाही सापडली तर सहीला पाठवण्याआधी मीच दुरुस्त करीन आणि वर चारचौघांत त्याची खिल्ली उडवीन, असा बेत. पण त्याला ती दरवेळी सापडली. प्रिंटवर एकच लाल गोल करून तो माझ्यापुढे धरायचा आणि म्हणायचा, "ही घ्या तुमची." मी म्हणायचो, "शाबास." मुद्दाम ठेवलेल्या चुकीखेरीज दुसरी चूक त्याला माझ्या ड्रॉइंगमध्ये कधीच सापडली नाही. मी समजलो, नसतेच.

हा खेळ सतरा वर्षं चालला. साहेब नव्या पोरांना आमच्याकडे बोट दाखवून सांगायचे, "हे दोघं बघा. एक निखारा, एक बर्फ, पण कधी कुरबूर नाही." मला ते ऐकायला आवडायचं. ड्रॉइंग ऑफिसात आपलं कोणाशी तरी इतकं छान जमतं, याचं मला कौतुक वाटायचं. घरी तर माझं कोणाशीच जमत नव्हतं.

येरवड्याच्या पोरांना मी इथपर्यंत सांगितलं होतं.

एक्क्याण्णवनंतर दिवस भराभर फिरले. कारखान्यात जर्मन भागीदार आले, पाठोपाठ कॉम्प्युटर आले, आणि सत्त्याण्णव साली ड्रॉइंग ऑफिसवर नम्रता मॅडम आल्या. वय अठ्ठावीस, अमेरिकेतून शिकून आलेल्या. बाई वाईट नव्हत्या, फक्त त्यांना घाई होती. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायला मी तीन आठवड्यांत शिकलो. सोनटक्केला ते काही केल्या जमेना. माउस तो असा दाबून धरायचा, जणू सोडला तर पळून जाईल. घरी त्याची मुलगी श्रद्धा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होती. ती रविवारी त्याला शिकवायची आणि सोमवारी तो सगळं विसरून यायचा.

मग बातमी आली की स्वेच्छानिवृत्तीची यादी होते आहे आणि तपासणाऱ्याचं पद राहणार नाही. सोनटक्के दुपारी माझ्याकडे आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो डबा न खाता आला होता.

"श्यामराव, मला तीनच वर्षं पाहिजेत," तो म्हणाला. "श्रद्धाचं कॉलेज होईस्तोवर. मॅडमला दाखवायला मी जुन्या प्रिंटा काढल्यात. तुमी निस्तं संगं चला. एवढंच म्हणा की कॉम्प्युटर असो का शाई असो, तपासायला माणूस लागतंय."

"त्यात काय, म्हणतो की," मी म्हणालो. खरंच म्हणणार होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. सोनटक्केने टेबलावर प्रिंटांचा गठ्ठा ठेवला, अंगठा ओला करून एकेक प्रिंट उलटली. प्रत्येकीवर एक लाल गोल. मॅडम बघत राहिल्या आणि मग त्यांनी गठ्ठ्यावरून नजर माझ्याकडे वळवली.

"सर, एव्हरी ड्रॉइंगमध्ये मिस्टेक? आय मीन, मला वाटलं होतं तुमचं काम परफेक्ट असतं."

नोकरी जाईल अशी भीती मला वाटली, असं म्हणून मला सुटता येईल. पण ते खोटं आहे. माझी नोकरी पक्की होती. एका अठ्ठावीस वर्षांच्या बाईने माझ्या रेघेला चुकीची म्हटलं, एवढंच मला सोसलं नाही.

"मॅडम, त्या चुका मी मुद्दाम ठेवायचो," मी म्हणालो. "यांना काहीतरी काम असावं म्हणून."

सोनटक्केने माझ्याकडे पाहिलं. तो आता काहीतरी बोलणार असं मला वाटलं, आणि काय बोलणार ते मला कळेना. मग त्याने प्रिंटा एकेक करून गोळा केल्या, कडा जुळवल्या, गठ्ठा काखेत घेतला.

"बरोबर आहे, मॅडम," तो म्हणाला. "ह्या मुद्दामच ठेवलेल्या."

महिन्याभरात तो गेला. निरोपाला मी नारळ दिला आणि दोन शब्द बोललो. चांगलं बोललो, असं सगळे म्हणाले.

दोन वर्षांनी कंपनीने ठरवलं की जुनी सगळी ट्रेसिंग कॉम्प्युटरवर घ्यायची. ते काम माझ्याकडेच येणार होतं. काचेच्या टेबलाखाली दिवा लावून त्यावर ट्रेसिंग ठेवायचं, माप बघायचं आणि कॉम्प्युटरवर चढवायचं. तिसऱ्या की चौथ्या ट्रेसिंगला एका आकड्यामागे कागद जरा पातळ दिसला. ट्रेसिंगवरची शाई पुसायची तर ती ब्लेडने खरवडावी लागते, खरवडलेली जागा नखाने घोटावी लागते, नाहीतर नवी शाई पसरते. वरून बघणाऱ्याला ते कळत नाही. खाली दिवा असला की मात्र लपत नाही.

मी कधी ब्लेड लावत नसे. प्रिंटवर गोल आलेलं ट्रेसिंग मी फेकून द्यायचो आणि नवं काढायचो. तो माझा तोरा होता. मग हे खरवडलं कोणी?

आकडा माझ्याच वळणाचा होता. माझा चारचा आकडा वरून उघडा असतो आणि त्याची दांडी डावीकडे कलते. हाही तसाच होता, फक्त दांडी जरा जास्त जपून काढलेली. मी सगळी मापं बेरजेला धरून पाहिली. खरवडण्याआधी तिथे जे काही असेल ते चूक होतं, कारण आता जे होतं तेच बरोबर होतं. पुढचं ट्रेसिंग घेतलं, त्यापुढचं घेतलं. आठवडाभर मी दुसरं काही केलं नाही. दर तीन-चार ट्रेसिंगांमागे एकात पातळ जागा होती. सगळी ट्रेसिंग ऐंशी सालानंतरची, माझ्या अकरा दिवसांच्या अबोल्यानंतरची.

सही करायला त्याला अर्धा दिवस का लागायचा, ते मला तेव्हा समजलं. माझी मुद्दाम ठेवलेली चूक तो लाल गोलात मला परत द्यायचा, म्हणजे मी खूश. आणि खऱ्या चुका, ज्या मला माझ्या म्हणून सहन झाल्या नसत्या, त्या तो सहीच्या निमित्ताने ब्लेड घेऊन गुपचूप खरवडायचा. ज्याला सरळ रेघ येत नाही असं मी म्हणालो होतो, तो माझा हात इतका शिकला होता की मला स्वतःला दिव्याशिवाय फरक कळला नाही.

रविवारी मी कर्वेनगरला गेलो. एका कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात तो स्टुलावर बसला होता. मुलं आपली ड्रॉइंगची शीट मास्तरांना दाखवण्याआधी त्याच्याकडून तपासून घ्यायची. केस पांढरे झाले होते. मी ट्रेसिंगांचं सांगितलं.

"खरवडलेलं दिसलं?" त्याने विचारलं. त्याला त्याचंच वाईट वाटलेलं दिसलं.

"खाली दिवा होता म्हणून."

"कितींत दिसलं?"

"तीनशे अकरा."

"अजून हायत," तो म्हणाला. "तुमच्या नजरेतून सुटली."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"ऐंशी साली सांगितलं होतं की."

"आणि मॅडमसमोर?"

"तुमी हो म्हणला असता?"

मी श्रद्धाचं विचारलं. तिने कॉलेज सोडलं होतं, एका ऑफिसात डेटा एन्ट्री करत होती. मग मी म्हणालो, आणि हे मी का म्हणालो ते मला आजही कळत नाही, "मला वाटायचं, आपलं दोघांचं छान जमतं."

"तुमचं जमायचं, श्यामराव. मी जमवून घेत होतो." त्याने पेन्सिल कानामागे खोचली. "लोकं म्हणायची, सोनटक्के लई शांत. रोज घरी जाऊन मुक्ताईवर ओरडायचो. भाजीत मीठ कमी, पाणी गरम न्हाई, कशावरनं पण. ती इचारायची, हापिसात काही झालं का? काय सांगू तिला? काहीच झालेलं नसायचं. आता ती माझ्याशी कामापुरतंच बोलती."

चहा न विचारण्यावरून जग आम्हा पुणेकरांना नावं ठेवतं. त्या दिवशी कळंबच्या माणसाने मला चहा विचारला नाही.

"उद्याच मी मॅडमना सगळं सांगतो," मी उठताना म्हणालो. "ट्रेसिंगच दाखवतो."

"सांगा," तो म्हणाला, आणि एका मुलाचं शीट पुढ्यात ओढून त्यावर मान घातली.

सोमवारी मी मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. दोन ट्रेसिंग गुंडाळून बरोबर घेतली होती. मी बोलण्याआधी त्याच उठून उभ्या राहिल्या. "सर, अमेझिंग! एटीन इयर्सची ड्रॉइंग्ज, आणि एक डायमेन्शन चुकलेलं नाही. जर्मन लोकांनी स्पेशली मेल केलाय." त्यांनी माझा हात हातात घेतला.

"थँक यू, मॅडम," मी म्हणालो.

मग त्यांनी एक कागद पुढे केला. काम झालेली सगळी ट्रेसिंग फाडून रद्दीत टाकायची होती आणि त्यासाठी ती तपासली असल्याची कोणाची तरी सही लागत होती. हातातली दोन ट्रेसिंग मी त्यांच्या टेबलावर रद्दीसाठी काढलेल्या गठ्ठ्यात ठेवली आणि पेन घेतलं. सही करायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही.