जुलाबाचं मीठ आणि अम्मांचा रोजा

धाकटी जाऊ लग्न होऊन भूमला आली, तेव्हा तिच्या पेटीत जुलाबाच्या मिठाची बाटली होती. तिचे वडील सोलापूरला एका दवाखान्यात कंपाउंडर. सासूबाईंचं, म्हणजे आमच्या अम्मांचं, पोट कायमचं जड. वर्षानुवर्षं मीच त्यांना एरंडेल पाजायचे आणि वर शिव्या खायचे. हिनं चमचाभर मीठ पेलाभर पाण्यात विरघळवून दिलं, दुपारपर्यंत पोट साफ! अम्मा आल्यागेल्याला सांगू लागल्या, "छोटी के हात में शिफा है." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुण मिठाचा आणि नाव हिच्या हाताचं! माझे हात काय नुसते भाकऱ्या थापायलाच होते?

त्या वर्षी रमजान ऐन उन्हाळ्यात आला. रोज्यात अम्मांचं पोट पुन्हा अडलं. दिवसा औषध चालत नाही, म्हणून जावेनं पहाटेचं सहेरीचं जेवण संपता संपता मीठ दिलं. अजान होतच आली होती, त्यामुळं तेही घोटभर पाण्यात. त्यानंतर पाणी बंद. सकाळपासून अम्मांना जुलाब सुरू झाले. दुपारी उठायला गेल्या आणि भोवळ येऊन खाली बसल्या. जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले.

आमच्या ह्यांनी डॉक्टरांना आणलं. ते म्हणाले, "हे मीठ अंगातलं पाणी आतड्यात ओढतं. वरून भरपूर पाणी प्यावं लागतं, न्हायतर माणूस सुकतं. म्हाताऱ्या माणसाला तर विचारल्याबिगर देऊच नये. आता रोजा सोडा आन् पाणी घ्या, न्हायतर जिवावर बेतंल."

जावेचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं. आता कळू दे म्हटलं, शिफा कुणाच्या हातात आहे ते.

मी पेला भरून अम्मांच्या ओठांशी धरला. आजाऱ्याला रोजा माफ असतो, हे मला त्यांनीच शिकवलेलं. तरी "नक्को गे, रोजा है मेरा," म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. मी विनवलं, रडले, शेवटी ओरडलेसुद्धा. त्यांनी मिटलेले दात उघडले नाहीत. हळूहळू त्यांचे डोळे मिटायला लागले.

जाऊ दाराशी हुंदके देत उभी होती. पुढं यायची तिची हिंमत होत नव्हती. मीच तिला दंडाला धरून आणलं आणि पेला तिच्या हातात दिला.

"पी लेव, अम्मा," एवढंच ती म्हणाली.

अम्मांनी मान उचलली आणि घोट घोट करत पेला संपवला. मग तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "रो नक्को, बेटी."

मी पेला पुन्हा भरून आणला आणि तिच्याच हातात दिला.